ईयू४ मध्ये वसाहत रेंगाळते, पैसा संपतो किंवा प्रांत अचानक गायब होतात : काय तपासायचं

युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ (ईयू४) या देश चालवण्याच्या संगणक-खेळात वसाहतींबद्दलची तक्रार साधारण एकाच सुरात येते. "कॉलोनिस्ट पाठवून दहा वर्षं झाली, वसाहत ६००-७०० वरच घुटमळते आहे, आणि तिजोरी मात्र दर महिन्याला खाली चालली आहे." कॉलोनिस्ट म्हणजे वसाहत उभी करायला पाठवायचा माणूस, सेटलर म्हणजे तिथे राहायला येणारे लोक. बहुतेकांना वाटतं की सेटलर कमी पडताहेत, म्हणून ते सेटलर वाढवणारी आयडिया (देशाला कायमचा फायदा देणारी निवड) शोधत बसतात. दहातल्या आठ वेळा रोग तिथे नसतो. रोग हिशेबात असतो: हाती जेवढे कॉलोनिस्ट त्यापेक्षा जास्त अर्धवट वसाहती एकाच वेळी चालू असतात.

खालचे आकडे मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) नसलेल्या गेमचे आहेत. एखादा मोठा मॉड चालू असेल तर आधी तो बंद करून नवा गेम सुरू करा आणि तोच त्रास तिथेही होतो का ते बघा. वसाहतींच्या नियमांना हात न लावणारे मोठे मॉड फार थोडे.

आधी टूलटिप वाचा, मग उपाय शोधा

गेम थांबवा, अर्धवट वसाहतीवर क्लिक करा आणि सेटलरच्या आकड्यावर माउस स्थिर ठेवा. वाढ कुठून येते आणि कुठे कापली जाते ते उघडणाऱ्या चौकटीत, म्हणजे टूलटिपमध्ये, ओळीने दिसतं. वाढीचे दोन भाग असतात आणि ते एकमेकांत मिसळले की पुढचं सगळं गणित चुकतं. पहिला भाग दरसालची वाढ. कॉलोनिस्ट तिथे असो वा नसो, ती मिळत राहते. दुसरा भाग म्हणजे दर महिन्याला जास्तीचे सेटलर येण्याची शक्यता, टक्क्यांत. कॉलोनिस्ट प्रत्यक्ष त्या प्रांतात बसलेला असेल तरच ती लागू होते. कॉलोनिस्ट काढून घेतला की हा दुसरा भाग शून्य.

दरसालच्या वाढीचा आकडा लाल, म्हणजे उणे दिसत असेल तर हवामान तपासा. उष्ण-दमट, रखरखीत आणि ध्रुवीय प्रांतांत सेटलर कमी मिळतात. तिथे वसाहत उभी राहते, पण कॉलोनिस्ट शेवटपर्यंत बसवून ठेवावा लागतो. अशा प्रांतातून तो लवकर उचलला की वसाहत जागच्या जागी बसते. "६०० वर अडकली" म्हणणाऱ्या बऱ्याच सेव्ह फाइल उघडल्यावर नेमकं हेच निघतं: प्रांत विषुववृत्ताजवळचा, कॉलोनिस्ट भलतीकडे.

खरा गुन्हेगार : देखभालीचा खर्च

१००० सेटलर झाले की वसाहत पूर्ण होते, शहर बनते आणि तिचा देखभाल-खर्च संपतो. तोवर पूर्ण देखभालीवर एका वसाहतीला महिन्याला मुळात २ डकॅट (गेममधलं चलन) लागतात. तीन कॉलोनिस्ट, तीन वसाहती, म्हणजे महिन्याला ६ आणि वर्षाला ७२ डकॅट. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्यम देशाला हा खर्च जाणवतो, पण पेलतो.

चालू वसाहतींची संख्या कॉलोनिस्टच्या संख्येपुढे गेली की हे सरळ गणित मोडतं. चौथी वसाहत आणखी २ डकॅटची राहत नाही. मर्यादेपुढची प्रत्येक वसाहत खर्च वेगाने चढवत नेते, आणि दोन-तीन जास्तीच्या वसाहतींत चांगला श्रीमंत देशसुद्धा कर्जात जातो. अर्थव्यवस्थेच्या पानावर वसाहतींच्या देखभालीच्या ओळीवर माउस नेला की हा चढ डोळ्यांनी दिसतो.

हे घडतं कसं? कोणी मुद्दाम दहा वसाहती काढत नाही. या चार वाटांनी ते नकळत होतं:

- वसाहत ५०० वर असतानाच कॉलोनिस्ट उचलून पुढच्या प्रांतात पाठवला. जुनी वसाहत अर्धवटच आहे, म्हणजे ती मोजणीत राहते.
- एखादं मांडलिक किंवा जोडराज्य (तुमच्याच राजाखालचं दुसरं राज्य) विलीन केलं आणि त्याच्या अर्धवट वसाहती तुमच्या खात्यात आल्या. पोर्तुगाल गिळणाऱ्या कॅस्टिलला हा दणका हमखास बसतो.
- युद्धात शत्रूच्या अर्धवट वसाहती ताब्यात घेतल्या.
- आयडिया ग्रुप टाकून दिला किंवा राष्ट्रीय आयडिया बदलल्या, त्यामुळे कॉलोनिस्टच एक कमी झाला. वसाहती तेवढ्याच, पण मर्यादा खाली.

शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा. महिन्याभरापूर्वी सगळं परवडत होतं, आज अचानक तूट दिसते, आणि माणूस सैन्यखर्चात कारण शोधत बसतो.

तूट दिसली की हात आपसूक देखभालीच्या स्लायडरकडे जातो. तो खाली ओढायच्या आधी हे गणित एकदा कागदावर करा. समजा, एका वसाहतीला अजून ८०० सेटलर हवे आहेत आणि पूर्ण देखभालीवर सगळं मिळून वर्षाला ८० मिळतात. म्हणजे १० वर्षं, आणि महिन्याला २ डकॅटने एकूण २४० डकॅट. आता स्लायडर खाली ओढून खर्च निम्मा केला, आणि वाढही निम्मी झाली असं धरा. वर्षाला ४० सेटलर, म्हणजे २० वर्षं. महिन्याला १ डकॅट, म्हणजे पुन्हा २४० डकॅट. वाचलं काहीच नाही. उलट दहा वर्षांचं उत्पादन आणि व्यापारशक्ती बुडाली, स्थानिकांच्या उठावाचा धोका दुप्पट काळ राहिला, आणि कॉलोनिस्ट दहा वर्षं जास्त अडकला. स्लायडर हा दोन-चार महिन्यांची टंचाई निभावण्यापुरता आहे. वर्षानुवर्षं खाली ठेवायचा असेल तर त्यापेक्षा एक वसाहत कमी ठेवलेली बरी.

उपायाचा क्रम असा ठेवा. प्रथम अर्धवट वसाहती मोजा आणि कॉलोनिस्टच्या एकूण संख्येशी ताडून बघा. जास्त असतील तर नवीन कॉलोनिस्ट पाठवणं पूर्ण थांबवा. मग मोकळे कॉलोनिस्ट १००० च्या सगळ्यात जवळ असलेल्या वसाहतींवर बसवा, नुकत्याच सुरू केलेल्यांवर नको. ९०० वरची वसाहत लवकर संपली की मोजणीतून एक आकडा उतरतो आणि बाकी सगळ्यांचा खर्च खाली येतो. स्लायडर पूर्ण वर ठेवा. त्यासाठी वर्ष-दोन वर्षं एखादं छोटं कर्ज घ्यावं लागलं तरी चालेल; इथे कर्जाचं व्याज चढलेल्या देखभालीपेक्षा सहसा स्वस्त पडतं. नुकत्याच रोवलेल्या, हवामान वाईट असलेल्या आणि व्यापाराच्या मार्गावर नसलेल्या वसाहती सोडून द्यायला कचरू नका.

कॉलोनिस्ट कधी हलवायचा

लवकर हलवण्याची युक्ती चुकीची नाही, फक्त आकडा बघून करायची असते. समजा कॉलोनिस्ट काढल्यावर टूलटिपमध्ये दरसालची वाढ +५० दिसेल. वसाहत ७५० वर असताना काढला तर उरलेल्या २५० ला ५ वर्षं लागतील, म्हणजे १२० डकॅट, आणि या पाच वर्षांत ती मर्यादेच्या मोजणीत राहील. ९०० वर काढला तर २ वर्षं आणि ४८ डकॅट. मर्यादेत एक जागा रिकामी असेल तर ७५० लाही हलवा. जागा नसेल तर ९०० च्या आधी हात लावू नका. दरसालची वाढ शून्य किंवा उणे असेल तर १००० होईपर्यंत मुळीच नको.

एक्सप्लोरेशन आणि एक्सपान्शन या दोन्ही आयडिया ग्रुपमधून कॉलोनिस्ट मिळतात, सेटलरवाढही मिळते. दोन्ही घेतले तर वसाहतींचं चाक खरोखर फिरू लागतं. पण नवा कॉलोनिस्ट मिळाला की महिन्याला २ डकॅटचा नवा खर्चही सोबत येतो. उत्पन्न न वाढवता दोन्ही ग्रुप ओळीने पूर्ण करणाऱ्यांची तिजोरी १५५० च्या आसपास खडखडते.

स्थानिकांचे उठाव

सेटलर ४०० वर गेले, मग २०० वर आले, परत चढले, परत उतरले, असा आलेख दिसला तर कारण उठाव. प्रांताच्या खिडकीत स्थानिकांची संख्या, आक्रमकता आणि उग्रता दिसते. वसाहत पूर्ण होईपर्यंत आक्रमकतेनुसार उठावाची टांगती तलवार राहते. पहारा नसेल तर उठावकरी सेटलर घटवतात, वसाहत लहान असेल तर ती उद्ध्वस्तही होते.

इथे तीन धोरणं आहेत. नेटिव्ह कोएक्झिस्टन्स निवडलं की उठावाची शक्यता १०० टक्क्यांनी घटते, म्हणजे उठाव होतच नाहीत. नेटिव्ह ट्रेडिंगमध्ये शक्यता निम्मी होते आणि स्थानिकांच्या सामावणुकीला ५० टक्के वाढ मिळते. नेटिव्ह रिप्रेशन दरसाल २० सेटलर जास्त देतं, पण उठाव तसेच राहतात. २० चा आकडा मोहात पाडतो. सैन्य समुद्रापार नेण्याची, तिथे झिजू देण्याची आणि पुन्हा भरती करण्याची तयारी नसेल तर त्याच्या नादी लागू नका. एका वसाहतीवर तीन-चार पायदळ तुकड्या दहा वर्षं बसवल्या तर त्यांचा पगार नि झीज २० सेटलरच्या फायद्याला खाऊन टाकते. एकाच वेळी तीन-चार वसाहती चालवणाऱ्याला कोएक्झिस्टन्स हेच सगळ्यात कमी डोकेदुखीचं.

रिप्रेशनच हवं असेल तर एक छोटं सैन्य वसाहतीच्या आधी पाठवा. रिकाम्या प्रांतात उभं राहिलेलं सैन्य स्थानिकांवर हल्ला करू शकतं. स्थानिक संपले की उठावही संपले. त्याची किंमत अशी की सामावले गेलेले स्थानिक पूर्ण झालेल्या प्रांताचं उत्पादन वाढवतात, ते मग मिळत नाही. आणि अशा प्रांतांची पुरवठा-मर्यादा इतकी कमी असते की दहा तुकड्यांचा ढीग उतरवला तर लढाईपेक्षा जास्त माणसं झिजेतच जातात.

कॉलोनिस्ट पाठवताच येत नाही

हा प्रकार पटकन सुटतो. बटण करडं असेल तर त्यावर माउस ठेवा, कारण लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा पल्ला कमी पडतो. पल्ला तुमच्या कोअर (तुमचा पक्का हक्क) असलेल्या बंदरापासून मोजला जातो. अर्धवट वसाहत पल्ल्याच्या मोजणीत बंदर म्हणून धरली जात नाही, म्हणून "अगदी शेजारी वसाहत आहे, तरी दूर कसं?" हा प्रश्न येतो. ती १००० झाली, कोअर झाली, की पुढचा प्रांत पल्ल्यात येतो. दुसऱ्या देशाकडून मिळवलेला जहाजतळाचा हक्क इथे उपयोगी पडत नाही.

म्हणून बेटांच्या पायऱ्या महत्त्वाच्या. ११ नोव्हेंबर १४४४ ला गेम सुरू होतो तेव्हा पोर्तुगालकडे मदेरा आणि अझोर्स आहेतच. पुढची पायरी केप व्हर्दे, तिथून ब्राझीलचा किनारा टप्प्यात येऊ लागतो. इतिहासातही हाच क्रम होता: मदेरावर वस्ती १४२० च्या सुमारास, केप व्हर्देवर १४६२ मध्ये. केप व्हर्दे गरीब प्रांत दिसतो म्हणून त्याला टाळून थेट ब्राझीलची वाट बघणारा खेळाडू राजनैतिक तंत्रज्ञान वाढण्याची वाट बघत वीस वर्षं घालवतो. पल्ला वाढवणारी बाकीची साधनं: राजनैतिक तंत्रज्ञान, एक्सप्लोरेशनमधली ५० टक्के पल्ला देणारी आयडिया आणि नॅव्हिगेटर सल्लागार.

पल्ला पुरेसा असूनही बटण करडंच असेल तर तीन शक्यता उरतात. प्रांत अजून शोधलेला नाही. मग एक्सप्लोरर नेमून किमान तीन जहाजांचा, हलक्या किंवा जड, ताफा शोधमोहिमेवर पाठवा, नाहीतर गुप्तहेरांचं जाळं उभारून दुसऱ्याचे नकाशे चोरा. प्रांत एखाद्या स्थानिक राज्याचा आहे; तिथे कॉलोनिस्ट चालत नाही, युद्धच करावं लागतं. किंवा तो ओसाड भूभाग आहे, ॲमेझॉनच्या आतल्या भागासारखा, आणि तिथे कधीच काही होणार नाही.

"माझे प्रांत गेले कुठे?"

वसाहत पूर्ण झाली, घोषणा आली, आणि त्याच दिवशी कॅरिबियनमधले सगळे प्रांत दुसऱ्याच रंगाचे झाले. हा बग नाही. एका वसाहती प्रदेशात तुमचे ५ कोअर प्रांत झाले की तिथे वसाहती राष्ट्र, म्हणजे तुमच्या अधीन असलेला वेगळा देश, आपोआप तयार होतं आणि त्या प्रदेशातले तुमचे प्रांत त्याच्याकडे जातात. त्यानंतर तिथे पूर्ण होणारी प्रत्येक वसाहतही त्यालाच मिळते. तुमची राजधानी त्याच प्रदेशात असेल तर मात्र हा नियम लागत नाही.

मोजणीत १००० पूर्ण झालेले आणि कोअर झालेले प्रांतच येतात. त्यामुळे एखादं मोक्याचं व्यापारकेंद्र स्वतःच्याच हाती ठेवायचं असेल तर त्या प्रदेशात चारवर थांबा आणि कॉलोनिस्ट दुसऱ्या प्रदेशात हलवा. पण हे सगळीकडे करत बसणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. वसाहती राष्ट्र कर पाठवतं, त्याच्या व्यापारशक्तीचा अर्धा हिस्सा तुमच्याकडे येतो, त्याचे प्रांत तुम्हाला सांभाळावे लागत नाहीत, आणि त्याचे १० प्रांत झाले की तुम्हाला एक जास्तीचा व्यापारी मिळतो. बहुतेक प्रदेशांत पाचवा प्रांत जितका लवकर होईल तितकं चांगलं. म्हणूनच सुरुवातीला पाच वेगवेगळ्या प्रदेशांत एकेक वसाहत रोवण्यापेक्षा एकाच प्रदेशात ओळीने पाच पूर्ण करा.

आफ्रिकेचा किनारा, केप आणि आग्नेय आशियाची बेटं या हिशेबात नाहीत. ते व्यापारी कंपन्यांचे प्रदेश. तिथे वसाहती राष्ट्र तयार होत नाही आणि प्रांत तुमच्याकडेच राहतात. ऑस्ट्रेलिया मात्र वसाहती प्रदेश आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

वसाहती राष्ट्र झालं पण पुढे पसरत नाही, ही पुढची तक्रार. त्याचं कारण परत पैसाच. नव्या राष्ट्राचं उत्पन्न किरकोळ असतं, त्यात स्वतःची वसाहत चालवायला महिन्याचे २ डकॅट निघत नाहीत. त्याला महिन्याला २-३ डकॅटची मदत सुरू करा आणि ते स्वतःचा कॉलोनिस्ट पाठवतं की नाही ते वर्षभर बघा. त्याची वसाहत तुमच्या मर्यादेत मोजली जात नाही, म्हणून हा सौदा फार स्वस्त पडतो. आयातकर मात्र सपाट्याने वाढवू नका; प्रत्येक वाढीने त्याची स्वातंत्र्याची ओढ चढते, आणि ती ५० टक्क्यांवर गेली की ते युद्धात साथ देत नाही.

तोर्देसिलास आणि युद्ध

देश कॅथलिक असेल आणि एकाच प्रदेशातल्या सगळ्या वसाहती हळू वाढत असतील तर तोर्देसिलासचा तह तपासा. खरा तह ७ जून १४९४ चा, केप व्हर्देच्या पश्चिमेला ३७० लीगवर रेषा आखणारा. गेममध्ये ती एक रेषा नाही, प्रदेशागणिक हक्क आहे. ज्या कॅथलिक देशाचं वसाहती राष्ट्र तिथे आधी उभं राहतं त्याला पोपचा आशीर्वाद मिळतो, आणि मागून घुसणाऱ्या कॅथलिकाची वाढ नि पोपशी असलेले संबंध दोन्ही खालावतात. उपाय दोनच: दुसरा प्रदेश निवडा, किंवा प्रोटेस्टंट व्हा. निव्वळ या एका कारणासाठी धर्म बदलू नका, पण तसाही बदलणार असाल तर मोठी वसाहत-मोहीम त्यानंतर काढा.

युद्धात अर्धवट वसाहत फार कच्ची असते. शत्रूचं सैन्य तिथे उतरलं तर तहाची वाट न बघता ती त्याची होऊ शकते. मोठं आरमार असलेल्या देशाशी युद्ध दिसत असेल तर त्याआधीची दोन वर्षं ८००-९०० वरच्या वसाहती पूर्ण करण्यात घाला, नव्या काढू नका.

रशियाने खेळत असाल आणि थर्ड रोम ही डीएलसी (गेमला जोडायची वेगळी भर) असेल तर वरचं बरंचसं तुम्हाला लागूच नाही. सायबेरियन फ्रंटियरला (रिकाम्या प्रांतात वस्ती सुरू करण्याची वेगळी सोय) २० राजनैतिक गुण पडतात, कॉलोनिस्ट लागत नाही, देखभाल लागत नाही; फक्त प्रांत तुमच्या कोअर भूमीला लागून हवा. तिथे "वाढत नाही" वाटलं तर ते निव्वळ संथ आहे. शेजारचे प्रांत ओळीने सुरू करत पूर्वेकडे सरका आणि कॉलोनिस्ट हाती असतील तर त्यांना इतरत्र वापरा.